यादीतून गेलेली विनंती

आमच्या रेडिओच्या भिंती गोधड्यांच्या आहेत. नवापूरला चर्चच्या मागे एक जुनी खोली होती, पूर्वी तिथे सायकली ठेवायचे. त्या खोलीत आवाज घुमायचा, म्हणून गावोगावच्या बायकांनी एकेक गोधडी दिली. छताला अंड्यांचे ट्रे चिकटवले आहेत. ते एका पोल्ट्रीवाल्या श्रोत्याने दिले, आणि देताना धुऊन दिले नाहीत, म्हणून पहिला महिनाभर देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष सांगायला येणारा प्रत्येक माणूस आधी नाक धरायचा आणि मग प्रभूचे आभार मानायचा.

आमचा टॉवर नाही. मोबाईलवर एक ॲप उघडलं की रेडिओ लागतो. डोंगरातल्या गावांत रेंज फक्त एखाद्या उंचवट्यावर मिळते, तिथे कुणीतरी सकाळी फोन घेऊन जाऊन बसतो आणि दुसऱ्या हातात स्पीकरचा डबा धरतो. चार-पाच घरं अंगणात येऊन ऐकतात. हे सगळं श्रोत्यांच्या जिवावर चालतं. सकाळचा भात टाकताना प्रत्येक घर मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डबे चर्चमध्ये येतात. त्यातला काही तांदूळ रेकॉर्डिंगला आलेल्या माणसांच्या पोटात जातो, बाकीचा विकून लाईट आणि नेट चालतं. ज्याच्याकडे तांदूळ नसतो तो तूर आणतो, बांबू आणतो, नाहीतर येऊन खोली झाडून जातो.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. रेडिओवर मी आले ती गाणं म्हणायला नाही, मला गाता येत नाही. मी आले कारण तिथे एकही गोष्ट लिहिलेली नव्हती. रेडिओ सुरू केला तो एका निवृत्त मास्तरांनी. सगळे त्यांना सर म्हणतात. सरांच्या डोक्यात सगळं होतं, आणि सरांचं वय सत्तरच्या पुढे. मी पहिल्या आठवड्यात चार याद्या केल्या: कोण कोणत्या वारी येणार, कोणतं गाणं कोणत्या फाईलमध्ये आहे, कोणत्या गावात रेंजचा उंचवटा कुणाच्या शेतात आहे, आणि कुणाच्या हातात माईक दिला तर तो दहा मिनिटांत परत मिळत नाही. चौथी यादी मी सरांना दाखवली नाही. तिच्यात पहिलं नाव सरांचंच होतं.

पाचवी यादी आधीपासून होती. प्रार्थनेच्या विनंत्यांची. रोज सकाळी सात वाजता ती वाचायची असते आणि ते काम माझ्याकडे आलं. आम्ही नावं वाचत नाही. आमच्याकडे चार आडनावांत सगळा तालुका बसतो, नावं वाचून कुणाला काय कळणार? म्हणून गाव आणि गरज एवढंच वाचतो. ‘अमुक गावच्या एका भावाचं ऑपरेशन आहे.’ ‘तमुक गावच्या ताईंना बाळ व्हावं.’ ऐकणाऱ्याला बरोबर कळतं कोण ते. उपकारस्तुतीची यादी वेगळी. ज्याचं काम झालं त्याचं त्या यादीत वाचायचं. लोक मला यादीवाल्या बाई म्हणतात. दुसरं नाव असलं तरी ते कुणाला आठवत नाही.

ऐकणारे सगळे ख्रिस्तीच असतात असं नाही. शहाद्याकडच्या म्हसावदहून एका शेतकरी घरातल्या बाईंचा दर आठवड्याला फोन येतो. त्यांच्या घरी देव्हारा आहे, त्यांना आमची गाणी आवडतात. फोन उचलला की त्या अहिराणीत तक्रारीनेच सुरू करतात, “मन्हं गानं आज बी राही गयं ना वं ताई!” एकदा त्यांनी विचारलं, आमच्या म्हशीसाठी प्रार्थना चालेल का, दोन वर्षं झाली ती गाभण राहत नाही. सर म्हणाले, न चालायला काय झालं. मग म्हैसही यादीत आली.

यादी वाढत गेली. मी आले तेव्हा ती सात-आठ मिनिटांत वाचून व्हायची. वर्षा-दोन वर्षांत बावीस मिनिटं लागायला लागली. साडेसातला ऑफिसची तयारी करायला मला घरी पोचायचं असतं. शिवाय मला दिसत होतं की त्यातल्या कितीतरी विनंत्या जुन्या होत्या. दहावीच्या परीक्षेसाठी मागितलेली प्रार्थना, तो मुलगा आता कॉलेजात. एका आजोबांच्या गुडघ्याची, ते आजोबा मागच्या मार्चमध्ये वारलेले. शुक्रवारी संध्याकाळी मी सरांसमोर वही उघडली आणि म्हणाले, “सर, मी ही यादी नीट करू का?”

सर वायर सोलत होते. म्हणाले, “कर की. नीट करणं चांगलंच.”

मी नियम केला. चाळीस दिवसांपेक्षा जुनी विनंती काढायची. ज्याला हवी असेल त्याने पुन्हा फोन करावा. बारा विनंत्या गेल्या. लाल पेनने रेघ मारताना मला बरं वाटत होतं हे मी लपवत नाही. त्या शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. सकाळी यादी अकरा मिनिटांत संपली. उरलेल्या वेळात मी दोन गाणी लावली आणि चहा केला.

साडेसातला पहिला फोन म्हसावदचा.

“ताई, मन्ही म्हैस गाभन शे, हाई तुम्हले कोणी सांगं?”

“कुणी नाही. का हो?”

“मंग यादीमाईन कसी गयी ती? आम्हले ते म्हाईत नई. डॉक्टरले बलावू का काय करू?”

मी त्यांना म्हणाले, मी परत फोन करते. फोन ठेवला आणि सरांकडे वळले. “सर, यादीतून एखादी विनंती गेली की लोक काय समजतात?”

“झालं काम असं समजतात,” सर म्हणाले. “दुसरं काय समजणार? मीच पहिल्या वर्षी माईकवर सांगितलं होतं, तू यायच्या आधी. देव उत्तर देईपर्यंत वाचणार, उत्तर मिळालं की थांबणार.”

“मग काल मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, नीट करते.”

मी वही पुढे ओढून बारा रेघांवरून बोट फिरवायला लागले. म्हैस. वारलेले आजोबा, त्यांच्याबद्दल लोक काय समजले असतील ते समजोत. कॉलेजातला मुलगा. आणि मग सहाव्या रेघेवर बोट थांबलं.

‘डोंगराकडच्या गावातली एक आई. तिचे दोन मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांनी बोलावं.’

ही विनंती चार वर्षं रोज वाचली जात होती. माझ्याआधी सर वाचायचे, मग मी. गुजरातच्या हद्दीला लागून एक गाव आहे, तिथल्या या आजी. दोघा भावांनी मिळून विहीर खोदली होती. एका उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळली. थोरला म्हणाला, धाकट्याने कोरडी चालवली. धाकटा म्हणाला, थोरल्याने. त्यानंतर दोघं एका बांधावर उभे राहूनही बोलायचे नाहीत. मधल्या जागेत आजींचं लहान घर. थोरला तिथून हाक मारणार, “आई, त्याला सांग, उद्या मोटारीला लाईट दुपारची आहे.” धाकटा दहा हातांवर उभा राहून ऐकणार आणि म्हणणार, “आई, त्याला सांग, मला माहीत आहे.” आजी मला एकदा म्हणाल्या होत्या, “मी गेल्यावर यांचे निरोप कोण नेणार? तेवढ्यासाठी मरता पण येत नाही.” हसत म्हणाल्या, पण ते त्यांनी चार वर्षं रोज मागितलं होतं.

मी फोन लावायच्या आतच त्यांचा आला. आजी आमच्या बोलीत बोलतात, मी इथे मराठीत लिहिते.

“पोरी, जय ख्रिस्त. कोण आलं होतं?”

“कुठे, आजी?”

“रेडिओवर, अजून कुठे! थोरला की धाकटा? आज माझं वाचलं नाहीस म्हणजे कुणीतरी येऊन सांगितलं ना तुला? बघ, आईला सांगायच्या आधी रेडिओला सांगतात. थोरलाच असेल. धाकट्याला एवढी अक्कल नाही.”

मी सहाव्या रेघेवरचं बोट तसंच ठेवलं.

“रेंज गेली का?”

“नाही आजी. मी येते तुमच्याकडे.”

“ये, ये. कोंबडी कापायला घेतलीय. दोघांनाही दुपारी जेवायला बोलावलंय. त्यांनापण कळलंच असेल, दोघांच्या घरात रेडिओ लागतो.”

फोनवर खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी ती बोलले नाही. त्या वेळी मला वाटलं, हे समोर बसून सांगायला हवं. आता वाटतं, मला त्यांचा आवाज पडलेला ऐकायचा नव्हता, एवढंच.

सर म्हणाले, “मी आत्ता माईकवर सांगतो, यादी चुकून राहिली.”

“अकरा वाचा,” मी म्हणाले. “आजींची वाचू नका. ती मी जाऊन सांगेपर्यंत थांबा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्या यादीप्रमाणे वागले.

गावापर्यंत स्कूटीवर तासभर लागतो. भात कापून झाला होता, शेतांत पेंढ्या उभ्या होत्या, तुरीला शेंगा धरल्या होत्या. मी वाटेत बोलायची वाक्यं ठरवत होते. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्यापर्यंत आले की पहिलं विसरायचे. खडीच्या चढावर स्कूटी ढकलावी लागली, ते एका अर्थी बरं झालं, तेवढा वेळ मिळाला.

आजी अंगणात चुलीवर कोंबडी भाजत होत्या. पिसांचा वास सगळीकडे. मला पाहून त्यांनी पाट सरकवला आणि कांदे माझ्यापुढे टाकले. “चीर. बारीक हं, तुमच्या गावातल्यासारखे मोठे नको.”

मी सुरी हातात घेतली आणि कांदा न चिरता सांगितलं. “आजी, रेडिओवर कुणी आलं नव्हतं. विनंती मी काढली.”

त्यांनी कोंबडी जाळावरून बाजूला घेतली. “तू काढलीस.”

“हो.”

“का?”

“जुनी झाली होती. मी सगळ्याच जुन्या काढल्या.”

“जुनं झालं म्हणून काढायचं तर आधी मला काढ,” आजी म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी कोंबडी परत जाळावर धरली, फिरवली, काळे झालेले पाय बोटांनी ओढून सोलले. मी कांदा चिरायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला कारण मिळालं. मी तिसरा कांदा चिरत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यांना सांगू नकोस. जेवू दे आधी.”

“आजी, ते खोटं होईल.”

“आणि सकाळी फोनवर गप्प बसलीस, ते काय होतं?”

मी चौथा कांदा घेतला.

दुपारी दोघं आले, दोन बाजूंनी. थोरला पन्नाशीचा, माझ्याच वयाचा, डोक्याला रुमाल. धाकटा जरा जाड, पायात चिखल. दोघांनी मला पाहिलं आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट आली: रेडिओची बाई आली आहे, म्हणजे खरंच काहीतरी झालं आहे. ते समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसले. आजींनी ताटं मांडली, भात, नागलीची भाकरी, रस्सा.

दोघांनी ताटं पुढे ओढली. मला हळूहळू लक्षात आलं की काय चाललं आहे. थोरल्याला वाटत होतं धाकटा रेडिओवर जाऊन आला, तेव्हा आता त्यानेच सुरुवात करावी. धाकट्याला वाटत होतं थोरला जाऊन आला. दोघंही मोठ्या मनाने वाट बघत होते. थोरला मधूनच वर पाही आणि उत्तेजन दिल्यासारखी मान हलवी. धाकट्याने भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरला होता.

शेवटी थोरला म्हणाला, “आई, त्याला रस्सा वाढ.”

“आई, त्याला सांग, आहे माझ्याकडे.”

आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘सांगून टाक’ असं काही नव्हतं. पळी हातात धरून बसलेलं एक दमलेलं माणूस होतं, बस. मी म्हणाले, “तुम्हाला दोघांना एक सांगायचं आहे. रेडिओवर कुणी आलं नव्हतं. तुमची विनंती मी काढली. चूक माझी.”

थोरल्याने घास खाली ठेवला आणि सरळ भावाकडे वळला. “तू गेला नव्हतास?”

“मी? मी म्हटलं तू गेलास.”

“मी कशाला जाईन?”

“मग मी कशाला जाईन?”

एवढं झालं आणि दोघंही थबकले. मध्ये कुणी निरोप नेला नव्हता, हे दोघांनाही एकदमच कळलं असावं. आजी भात वाढत होत्या, वाढतच राहिल्या; थोरल्याच्या ताटात डोंगर झाला.

मग धाकट्याचा राग निघाला, पण माझ्यावर. “म्हणजे चार वर्षं रोज सकाळी आमची अब्रू वाचता, सगळा तालुका ऐकतो, आणि काढली तर ती पण चुकून?”

“हो,” मी म्हणाले.

“मोटारीच्या दुकानात गेलो तरी लोक विचारतात, बोलला का रे भावाशी!”

“मला दूध डेअरीवर विचारतात,” थोरला म्हणाला. हे तो कुणाला म्हणाला ते स्पष्ट नव्हतं. मग त्याला हसू आलं. आवरायचा त्याने प्रयत्न केला, पण तोंडात भात होता, ठसका लागला. धाकट्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. हातात दिला नाही, सरकवला.

पुढे फार काही घडलं नाही. मिठी नाही, रडणं नाही, मोटारीचा विषय कुणी काढला नाही. कोंबडी संपली. धाकटा हात धुवायला उठला तेव्हा थोरल्याने ताटाकडे बघत विचारलं, “आज लाईट कधीची?”

“दोनची.”

“बरं.”

आजी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी लाकूड आत सारलं, जाळ वाढवायची काही गरज नसताना.

निघताना त्या मला स्कूटीपर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, “आजी, उद्यापासून काय वाचू? उपकारस्तुतीत घालू?”

“एका जेवणाने उपकारस्तुती? आठ वाक्यं नाही बोलले.”

“मग विनंतीतच ठेवते, होती तशी.”

“तशी कशी ठेवशील? ‘बोलत नाहीत’ म्हणशील? ते खोटं होईल. तूच सांगत होतीस ना मला खोटं-खरं.”

आम्ही दोघी स्कूटीच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. माझ्या वहीत दोनच रकाने आहेत, मागितलेलं आणि मिळालेलं. इतकी वर्षं ते पुरले होते. आजींनी विचार करून सांगितलं, “लिही. दोघं बोलायला लागलेत, थोडं. ते वाढावं.”

मी वही सीटवर ठेवून लिहिलं. थोडं हा शब्द त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला.

“आणि किती दिवस वाचू?”

“मी सांगेपर्यंत.”

रविवारी सकाळी मी बारा विनंत्या परत यादीत घातल्या होत्या, दोन सोडून. आजोबांच्या सुनेला फोन करून विचारलं आणि ती म्हणाली, काढा आता, गुडघे त्यांच्याबरोबरच गेले. कॉलेजातल्या मुलाच्या आईने ती उपकारस्तुतीत टाकायला सांगितली, वर्ष उशिरा का होईना. नवा नियम असा की फोन केल्याशिवाय रेघ मारायची नाही. यादी वीस मिनिटांची झाली आहे. मी घरून डबा भरूनच निघते, रेडिओवरून थेट ऑफिस. खरं तर हे आधीच करायला हवं होतं, इतकं सोपं होतं.

आजींचं नवं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी थोरल्याचा फोन आला.

“यादीवाल्या बाई, एक काम होतं. आमचं आता वाचू नका.”

“का?”

“लोक हसतात हो. ‘थोडं’ म्हणजे किती, असं विचारतात. मी धाकट्याला पण विचारलं, त्याचं पण तेच म्हणणं आहे. दोघांनी ठरवलं, फोन मी करायचा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “दोघांनी ठरवलं?”

“हो. काल विहिरीवर.” मग त्याला काहीतरी जाणवलं असावं, तो जरा थांबला. “म्हणजे सहज. मोटार बघत होतो.”

“आजींनी सांगितलं तर काढते.”

“ती नाही सांगायची.”

“मग मी वाचणार,” मी म्हणाले.

पलीकडून त्याने कुणाला तरी हळूच सांगितलेलं ऐकू आलं, ती नाही म्हणते. आणि धाकट्याचा आवाज आला, तुला नीट बोलता येत नाही, दे इकडे.